नदीकाठचे घर आणि पुराचा विमा

विम्याचा सारा व्यवहार एका गृहीतावर उभा आहे: संकट एकाच वेळी सर्वांवर कोसळत नाही. हजार घरांच्या वस्तीत वर्षाकाठी दोनचार घरांना आग लागते, बाकीची सुरक्षित राहतात, आणि सुरक्षित राहिलेल्यांच्या हप्त्यांतून जळालेल्यांची घरे पुन्हा उभी राहतात. पुराला हे गृहीत लागू पडत नाही. नदी पात्र सोडते तेव्हा एका रात्रीत सगळी आळी, सगळे गाव, कधी कधी सगळा परगणा पाण्याखाली जातो, आणि ज्यांच्या हप्त्यांतून भरपाई व्हावयाची तेच सारे भरपाई मागावयास एकदम येऊन उभे राहतात. त्याहून अवघड गोष्ट अशी की आग कोणाच्या घराला लागेल हे कोणासच ठाऊक नसते, परंतु पाणी कोणाच्या घरात शिरेल याची गावातील जाणत्या माणसांना पुरती कल्पना असते. त्यामुळे टेकडीवरचा गृहस्थ पुराचा विमा उतरवीत नाही आणि ओढ्याकाठचा मात्र हटकून उतरवितो. जेथे केवळ तोट्याचेच गिऱ्हाईक येते तो धंदा फार काळ चालत नाही. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, आणि त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतील खाजगी विमा कंपन्यांनी पुराच्या जोखमीतून अंग काढून घेतले, ते याच कारणाने. तेव्हापासून तेथील सामान्य घरमालकाच्या विमापत्रात आग, वादळ, गारपीट, चोरी यांची हमी असते, पण पुराची नसते. आणि ही गोष्ट असंख्य कुटुंबांच्या ध्यानात येते ती घरातला चिखल उपसताना.

या पोकळीत शेवटी सरकारला उतरावे लागले. १९५६ साली अमेरिकन काँग्रेसने एक कायदा करून पाहिला, पण त्यासाठी पैशाची तरतूदच न झाल्याने तो कागदावरच राहिला. त्या काळात या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार केलेला माणूस म्हणजे गिल्बर्ट व्हाइट हा भूगोलशास्त्रज्ञ. पूर हा निसर्गाचा धर्म असला तरी पुराने होणारी हानी बव्हंशी माणसाच्या वस्तीने, त्याच्या बांधकामाने आणि त्याच्या विसराळूपणाने ओढवलेली असते, हा सिद्धांत त्याने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडला होता; आणि केवळ धरणे व बांध घालून ही हानी आटोक्यात येणार नाही, माणसाने आपले राहणे नदीशी जुळवून घेतले पाहिजे, असे त्याचे सांगणे होते. १९६६ साली त्याच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विम्याच्या कल्पनेला अनुमोदन दिले खरे, पण एक इशाराही देऊन ठेवला: हा विमा गाफीलपणे चालविला, तर स्वस्त हप्त्याच्या भरवशावर लोक पूरपट्ट्यात अधिकच घरे बांधतील, आणि औषधानेच रोग वाढेल. दोन वर्षांनी, १९६८ साली, राष्ट्रीय पूरविमा योजना अस्तित्वात आली.

योजनेचा करार मोठा विचारपूर्वक बेतलेला आहे. संघसरकार विमा देऊ करते, पण तो थेट व्यक्तीला मिळत नाही. तिचे गाव किंवा तिची काउंटी योजनेत सामील असावी लागते, आणि सामील व्हावयाचे तर स्थानिक सत्तेने पूरपट्ट्यातील बांधकामावर निर्बंध घालण्याचा ठराव करून तो अमलात आणावा लागतो. येथे काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तोडीचा प्रशासकीय विभाग हे खरे, पण ग्रामीण काउंटीची लोकसंख्या पुष्कळदा आपल्या एखाद्या मोठ्या बाजारगावाहून जास्त नसते, आणि तिच्या कचेरीत बांधकामाचे परवाने देणारा अधिकारी बहुधा एकच असून त्याच्याकडे इतरही दहा कामे असतात. आपल्याच शेजाऱ्याला, आपल्याच नातलगाला ‘तुझ्या वडिलांच्या जागेवर तुला घर बांधता येणार नाही’ असे सांगण्याची जबाबदारी या एका माणसावर येऊन पडते. एवढ्या विशाल राष्ट्रीय योजनेचा पाया अशा एकेका कचेरीतील एकेका माणसाच्या निर्धारावर आहे.

निर्बंध कोठे लागू करावयाचे हे ठरते नकाशावरून. ज्या भूमीवर कोणत्याही एका वर्षी पाणी येण्याचा संभव शेकडा एक आहे तो विशेष जोखमीचा पट्टा, असे हा नकाशा ठरवितो. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या काठाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. त्यांतील लाल रेषा याच मापाची आहे, म्हणून कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. शेकडा एक हा आकडा ऐकावयास किरकोळ वाटतो, आणि एकदा मोठा पूर येऊन गेला की आता शंभर वर्षे निश्चिंती, असाही समज जगभर आढळतो. वस्तुतः नदीला मागचे वर्ष आठवत नाही; प्रत्येक पावसाळ्यात सोडत नव्याने निघते. घरकर्जाची मुदत साधारण तीस वर्षांची असते, आणि तीस वर्षांचा हिशेब मांडला तर त्या अवधीत किमान एकदा तरी त्या रेषेपर्यंत पाणी येण्याचा संभव शेकडा सव्वीस भरतो, म्हणजे चारांत एक. आगीची एवढी धास्ती असलेले घर कोणी विम्याविना एक रात्रही ठेवणार नाही.

परंतु प्रारंभीच्या वर्षांत विमा कोणी घेतलाच नाही. १९७२ च्या जून महिन्यात ऍग्नेस नावाच्या चक्रीवादळाने पेनसिल्व्हेनिया व आसपासच्या राज्यांत हाहाकार केला, तेव्हा पाण्यात गेलेल्या घरांपैकी अगदीच थोड्या घरांचा पुराचा विमा असल्याचे आढळले. ऐच्छिक विमा लोक घेत नाहीत हे ध्यानात आल्यावर १९७३ साली कायद्याने सक्ती आणली. मात्र ती घरमालकावर थेट नव्हती, त्याला कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत होती. नकाशातील जोखमीच्या पट्ट्यात असलेले घर तारण ठेवून संघसरकारच्या नियंत्रणाखालील बँकेकडून कर्ज घेणाऱ्याने पुराचा विमा उतरविलाच पाहिजे, असा तो नियम आजही चालू आहे.

या विमापत्रात काय मिळते आणि काय मिळत नाही हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सामान्य माणसाची फसगत बहुधा येथेच होते. राहत्या घराच्या इमारतीसाठी भरपाईची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, आणि घरातील चीजवस्तूंसाठी एक लाख. पण चीजवस्तूंचा विमा स्वतंत्रपणे मागून घ्यावा लागतो. केवळ बँकेच्या आग्रहास्तव विमा घेतलेल्या पुष्कळांकडे फक्त इमारतीचा विमा असतो, कारण बँकेला काळजी तारणाची असते, तुमच्या कपाटांची आणि अंथरुणांची नव्हे. पूर म्हणजे काय याचीही विमापत्रात काटेकोर व्याख्या आहे: एरवी कोरडी असणारी निदान दोन एकर जमीन किंवा निदान दोन मालमत्ता पाण्याखाली जावयास हव्यात. एकट्याच घराच्या मोरीतून गटाराचे पाणी उलटून आत आले, तर तो पूर नव्हे. तळघराविषयीचे कलम तर एखाद्या जुन्या वतनपत्राइतके बारकाव्याचे आहे. तळघरातील घर उबदार ठेवणारी भट्टी, पाणी तापविण्याचे यंत्र, विजेची पेटी यांची भरपाई मिळते. कपडे धुण्याचे व वाळविण्याचे यंत्र चालते. अन्न गोठवून साठविण्याची पेटी आणि तिच्यातले अन्नसुद्धा चालते. परंतु तेथे घातलेला गालिचा, भिंतींना लावलेले लाकडी आच्छादन, पलंग, पुस्तके, मुलांची खेळणी यांतले काही चालत नाही. शेतावरच्या घरांत तळघर ही नुसती अडगळीची जागा नसते. कित्येक कुटुंबांचा अर्धा संसार तेथे असतो. शिवाय घर राहण्याजोगे होईपर्यंत अन्यत्र राहावे लागले तर त्या भाड्याची जबाबदारी ही योजना घेत नाही.

नुकसान झाल्यावर स्वाक्षरीनिशी नुकसानीचा लेखी तपशील साठ दिवसांच्या आत द्यावा लागतो. पाहणीस येणारा माणूस मोजमापे घेऊन जातो, तो आपल्याकडील पंचनाम्यासारखाच प्रकार आहे, आणि त्या पाहणीच्या वेळी भिजलेले सामान आधीच उकिरड्यावर टाकून दिलेले असले तर ते होते हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून पाणी ओसरताच, झाडू हाती घेण्यापूर्वी, भिंतीवरील पाण्याच्या खुणेसकट प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि टाकून द्यावयाच्या गालिच्याचा एक तुकडा कापून बाजूस ठेवावा, असे तेथील अनुभवी माणसे सांगतात. दुःखाच्या घटकेला हे सुचणे अवघड असते, म्हणूनच ते आधी ठाऊक असावयास हवे.

आता बांधाविषयी. इलिनॉय राज्यातील मन्रो काउंटीत, सेंट लुई शहराच्या दक्षिणेस, मिसिसिपीच्या पूर्वतीरी सखल, अत्यंत सुपीक जमिनीची एक पट्टी आहे, आणि तिच्या कडेने चुनखडीचे उंच कडे उभे आहेत. त्या कड्यांच्या पायथ्याशी व्हॅलमायर नावाचे सुमारे नऊशे वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव होते. १९४० च्या दशकात तेथे पूर येऊन गेले. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी नदीला भक्कम बांध घातला, आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे गावात नदीचे पाणी आले नाही. एवढ्या काळात एक अख्खी पिढी जन्मून संसाराला लागते, आणि तिच्या लेखी पूर ही आजोबांच्या बोलण्यातली गोष्ट होऊन बसते. बांध लहानसहान पूर अडवितो, म्हणून लोक निर्धास्त होतात, घरे वाढवितात, तळघरे सजवितात; आणि बांधाच्या ताकदीबाहेरचा पूर येतो तेव्हा पूर्वी कधी बुडाले नसते इतके धन एकदम बुडते. बांधाची उपयुक्तता मी नाकारीत नाही. परंतु बांधामागचे घर आणि उंचावरचे घर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे बांध बांधणाऱ्यांनी लोकांना तितक्याच मोठ्याने सांगावयास हवे होते असे मला वाटते.

१९९३ चा उन्हाळा मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात अखंड पावसाचा गेला. सेंट लुई येथे तीस फुटांवर पाणी गेले की पूर समजतात. १ ऑगस्टला तेथे पाणी ४९.५८ फुटांवर पोहोचले. त्याच दिवशी व्हॅलमायरच्या उत्तरेकडे बांध फुटला आणि रात्रीतून गाव पाण्याखाली गेले. सप्टेंबरात नदी पुन्हा चढली आणि त्याच भगदाडातून दुसऱ्यांदा आत आली. पाणी उतरले तेव्हा गावातील बहुतेक घरांचे नुकसान त्यांच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक भरले होते, आणि येथेच पूरविमा योजनेतील एक कठोर नियम पुढे आला: जोखमीच्या पट्ट्यातील ज्या घराची हानी मूल्याच्या निम्म्यावर जाते ते होते तसे पुन्हा उभारता येत नाही, त्याची जमीनपातळी पूरपातळीच्या वर उचलावी लागते. सखल पट्टीतल्या त्या गावात घरे उचलावयाची म्हणजे ती उंच खांबांवर टांगून ठेवण्यासारखेच होते. वृद्ध माणसांनी रोज तितक्या पायऱ्या कशा चढावयाच्या, असा प्रश्न उभा राहिला.

तेव्हा गावकऱ्यांनी एक असामान्य निर्णय घेतला. त्यांनी गावच हलवावयाचे ठरविले. सुमारे दोन मैलांवर, कड्याच्या माथ्यावर, जुन्या गावाहून चारशे फूट उंच जागी पाचशे एकर जमीन घेण्यात आली. गावातल्याच लोकांच्या समित्या नेमून रस्ते, शाळा, प्रार्थनामंदिरे, कोणाच्या शेजारी कोणाचे घर, येथपर्यंत सारा विचार झाला. आणि मधला काळ छावणीतील फिरत्या घरांत काढून १९९५ पासून कुटुंबे वर राहावयास जाऊ लागली. त्याआधीच, १९९३ च्या डिसेंबरात, काँग्रेसने अशा स्थलांतराच्या खर्चातील संघसरकारचा वाटा निम्म्यावरून शेकडा पंचाहत्तरपर्यंत वाढविला होता, त्याचा मोठा आधार झाला. सरकारने विकत घेतलेली खालची जागा कायमची मोकळी ठेवावी लागते, तेथे पुन्हा घर बांधता येत नाही. सगळेच लोक वर गेले नाहीत. काही कुटुंबे दुसऱ्या गावी पांगली, थोडी खालीच राहिली, आणि गाव दुभंगल्याचे दुःख पुष्कळांना झाले. तथापि आज नव्या व्हॅलमायरची वस्ती बाराशेंहून अधिक आहे, म्हणजे पुरापूर्वी होती त्याहून मोठी, आणि त्या कड्याच्या पोटातील जुन्या चुनखडीच्या खाणीत राष्ट्रीय दफ्तरखान्याचे कागद कोरड्या जागी ठेवलेले आहेत. निम्म्या हानीचा तो नियम नसता तर लोकांनी स्वाभाविक ममतेने जुन्याच जागी डागडुजी केली असती, यात मला शंका वाटत नाही. एखाद्या नियमाचे मोल त्याच्या जाचावरून न करता त्याने काय वाचविले यावरून करावे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या पुराने आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. मिसिसिपीचा पूर वरून खाली सावकाश उतरतो. वरच्या गावी पाणी चढल्याची बातमी खालच्या गावी कित्येक दिवस आधी येते. त्या वेळी विमा घेतल्यापासून तो लागू होण्यास पाच दिवस पुरत असत, आणि पाणी वाटेत असताना धावत जाऊन विमा घेतलेलेही काही होते. १९९४ च्या कायद्याने ही मुदत तीस दिवसांची केली. काही अपवाद वगळता, आकाशात ढग पाहून घेतलेला विमा आता उपयोगी पडत नाही.

ग्रामीण काउंटीतील खरी शोकांतिका मात्र याहून वेगळी आहे, आणि ती २०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस केंटकी राज्याच्या पूर्वभागात दिसली. ब्रेथिट, नॉट, पेरी, लेचर या कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ काउंट्या. तेथे सपाट जमीन मिळते ती केवळ दोन डोंगरांच्या बेचक्यात, ओढ्याच्या काठाने. म्हणून रस्ता, शाळा, दुकान, घर सारे त्याच चिंचोळ्या पट्टीत दाटीने उभे असते. रात्रीच्या मुसळधार पावसात हे ओढे घरांवर चालून आले, आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. खाणी बंद पडत गेल्याने लोक गरीब. घरे वाडवडिलांकडून आलेली, किंवा फिरते घर आणून ओढ्याकाठी बसविलेले. डोक्यावर बँकेचे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून विम्याची सक्ती नाही, आणि हप्ता परवडत नाही म्हणून इच्छाही नाही. सक्तीची सारी यंत्रणा बँकेच्या दारातून चालत असल्यामुळे, ज्याच्याजवळ त्या घराखेरीज दुसरे काहीच नाही अशाच माणसाला ती वगळून जाते. त्या काउंट्यांत पुराचा विमा असलेली घरे फार थोडी होती.

अशा वेळी सरकारी मदत येतेच, असा पुष्कळांचा विश्वास असतो. मदत येते, पण त्या वर्षी घराच्या दुरुस्तीसाठी एका कुटुंबाला मिळू शकणाऱ्या अनुदानाची कमाल मर्यादा ३७,९०० डॉलर होती, आणि कमाल रक्कम सर्वांना मिळते असेही नाही. विम्याच्या अडीच लाखांशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे अंतर ध्यानात येते. उरलेल्या पैशासाठी सरकार कमी व्याजाचे कर्ज देऊ करते. सत्तरीतल्या निवृत्त खाणकामगाराने ते घेऊन कसे फेडावयाचे? आपल्याकडे सानुग्रह अनुदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पूरग्रस्ताला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

नकाशाच्या बाहेर असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. या योजनेकडे येणाऱ्या दाव्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास दावे विशेष जोखमीच्या पट्ट्याबाहेरील घरांचे असतात, असे योजना चालविणारी आपत्तीनिवारण संस्था सांगत आली आहे. ग्रामीण भागात तर नकाशे जुने असतात, कित्येक ठिकाणी पट्टा आखलेला असतो पण पाणी नेमके किती उंचीवर येईल हा आकडाच दिलेला नसतो, आणि लहान ओढ्यांची मोजणी झालेलीच नसते. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घर घेताना शाळा पाहतात, नोकरीच्या जागेचे अंतर पाहतात, पूर्वेचे दार पाहतात. त्यांनी याच आस्थेने घराच्या जमीनपातळीचा भूमापकाने दिलेला दाखला मागावा आणि पूर्वी त्या घरात पाणी आले होते काय हे शेजाऱ्यांना विचारावे, असे मी कळकळीने सांगेन. बँकेने विम्याचा आग्रह धरला नाही म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा अर्थ काढणारे लोक २०१७ साली ह्यूस्टनच्या पुरात हजारोंनी फसले.

योजनेची स्वतःची स्थितीही चिंतेची आहे. कतरिना, सँडी, हार्वी अशा एकामागून एक वादळांनी तिची तिजोरी रिकामी केली. २०१७ साली काँग्रेसने तिचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, तरीही वीस अब्जांवर देणे उरलेच. गिल्बर्ट व्हाइटच्या समितीने ज्याची भीती व्यक्त केली होती तेच घडले होते: वर्षानुवर्षे हप्ते खऱ्या जोखमीपेक्षा कमी ठेवले गेले, आणि तीच ती घरे पुनःपुन्हा बुडून पुनःपुन्हा त्याच जागी उभी राहिली. ऑक्टोबर २०२१ पासून हप्ते ठरविण्याची नवी पद्धत लागू झाली असून, घर रेषेच्या आत की बाहेर एवढेच न पाहता त्याचे नदीपासूनचे अंतर, त्याची उंची, पुन्हा बांधण्याचा खर्च हे सारे त्यात हिशेबात धरले जाते. हे तत्त्व मला न्याय्य वाटते. परंतु ज्या घराचा हप्ता या हिशेबाने अनेक पटींनी वाढावयाचा आहे, त्याला दरवर्षी शेकडा अठरापर्यंत वाढीला सामोरे जावे लागते, आणि ओढ्याकाठच्या गरीब विमेदारास ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच विमा सोडून देण्यास पुरते. हप्ता खरा असावा आणि गरिबाला तो भरण्यासाठी उघडपणे, वेगळ्या खात्यातून साहाय्य द्यावे, किंवा त्याचे घर योग्य भावाने वेळेवर विकत घेऊन त्याला उंचावर जागा द्यावी. आज अशा खरेदीचे प्रकरण दरखास्तीपासून पैसे हाती पडेपर्यंत वर्षानुवर्षे रेंगाळते, आणि तोवर कुटुंब एकतर त्याच ओल्या घरात राहते किंवा कंटाळून एखाद्या अजाण गिऱ्हाइकाला ते विकून टाकते.

काँग्रेसने २०१७ पासून या योजनेला दीर्घ मुदत दिलेली नाही. काही महिन्यांची वाढ, पुन्हा काही महिन्यांची, असे चालले आहे. मुदत संपून नवी वाढ मिळेपर्यंत जुनी विमापत्रे आपल्या अवधीपर्यंत चालतात, पण नवे विमापत्र देता येत नाही, आणि विम्याविना कर्ज मंजूर होत नसल्याने पूरपट्ट्यातील घरांचे ठरलेले व्यवहार अडकून पडतात. २०२५ च्या शरद ऋतूत असा खंड कित्येक आठवडे पडला होता.